झालं म्हणजे काय झालं

८ फेब्रुवारी

ताई,

फोन उचलत नाहीस, निरोपाला उत्तर देत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेतला. शाळेत पत्रलेखनाला मला कधी धड मार्क मिळाले नाहीत, तेव्हा मायन्याच्या चुका काढत बसू नकोस. मावशीला नमस्कार सांग. आई ती तुझी, पण चांगलंचुंगलं माझ्या ताटात जास्त वाढते हे तुला लहानपणापासून खुपतं, ठाऊक आहे मला.

आता मुद्द्याचं. इथे जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात गेटवर नव्या बाई आल्यात. त्यांच्याकडे एक यंत्र आहे. वेल्डरच्या प्रमाणपत्रावरचं ते ठिपक्याठिपक्यांचं चौकोनी चित्र त्याच्यासमोर धरलं की यंत्र सांगतं, माणूस खरा की खोटा. माझ्या आधीचे सगळे पार झाले. माझ्या वेळी यंत्र लाल झालं. बाई म्हणाल्या, "स्थगित आहात." म्हटलं, "मी तुमच्यासमोर उभा आहे, स्थगित कसा असेन?" त्या हसल्या नाहीत. मागची रांग मात्र हसली.

मुकादमाने माझ्या हातातलं वेल्डिंगचं पिस्तूल काढून घेतलं आणि ग्राइंडर दिला. आता मी दुसऱ्यांचे जोड घासतो. जहाजाच्या पोटाखाली उभं राहून दिवसभर घासायचं. जहाजाचं पोट तू पाहिलं नसशील. त्याला इतके शिंपले चिकटलेले असतात की वाटतं, समुद्रानेच हिशेब टाकून ठेवलाय. एक मांजर रोज ते चाटायला येतं आणि रोज निराश होऊन जातं. असो, मांजराचं काय मध्येच.

मार्चअखेरीला इथून एक मालवाहू जहाज निघणार आहे. त्याच्यावर वाटेतच दुरुस्ती करणारी वेल्डरांची टोळी जाते. बंदरामागून बंदर, वर्षभर. त्या टोळीच्या यादीत माझं नाव आहे, ताई. आहे म्हणजे होतं. प्रमाणपत्र चालू असेल तरच राहील. पायाला भिंगरी असलेल्या माणसाला यापेक्षा चांगली नोकरी देव देऊ शकत नाही, आणि तुझ्या त्या प्रशिक्षण केंद्राने ती एका लाल दिव्याने घालवली.

तू तिथे नोंदींच्या टेबलावर बसतेस. कपाटाची किल्ली तुझ्या कमरेला. बघ कुठल्या गाढवाने काय घोळ घातलाय आणि निस्तर.

तुझा
भिंगऱ्या


१६ फेब्रुवारी

भिंगऱ्या,

फोन मुद्दाम उचलला नाही. फोनवर बोललेलं नंतर कुणी कबूल करत नाही. लिहिलेलं बरं.

गाढवाने घोळ घातलेला नाही. केंद्राला मान्यता देणाऱ्या मंडळाची तपासणी चालू आहे. ज्यांच्या मूल्यमापनाची नोंद अपुरी आहे त्यांची प्रमाणपत्रं स्थगित झाली आहेत. तुझी नोंद मी पाहिली. पट्टीचे चार जोड असतात: आडवा, उभा, टेबलावरचा आणि डोक्यावरचा. पहिल्या तिन्हींपुढे "सक्षम" आहे. चौथ्यापुढे "अजून सक्षम नाही" आहे.

आमच्याकडे नापास हा शब्द वापरत नाहीत. "अजून" लिहितात. त्याचा अर्थ एवढाच, की परत ये, परत कर, मग पाहू. तू परत आला नाहीस. तुला रस्ता दिसला की माणूस दिसत नाही.

परत येऊन डोक्यावरच्या जोडाची चाचणी दे. तुला शिकवणारे उस्तादच घेतील. जमलं तर स्थगिती उठेल.

किल्ली माझ्या कमरेला नाही. ती काढून घेतली आहे. मला आता दारातल्या टेबलावर बसवलं आहे, येणाऱ्यांना पाणी विचारायला.

आईने लोणी पाठवायचं म्हटलं होतं. मी म्हटलं, पोस्टात वितळेल. ती माझ्यावर रागावली आहे. तू आणि ती, दोघं एकाच मातीचे.

ताई


२२ फेब्रुवारी

ताई,

"अजून." वा. हा शब्द कुणी शोधून काढला त्याला पकडून माझ्यासमोर बसव. माणसाला थोबाडीत मारायची आणि वर म्हणायचं, अजून मारलेली नाही.

मी काय चाचणी सोडून पळालो होतो? नीट ऐक. चौथा जोड मी केला. शेडच्या कोपऱ्यात, डोक्यावर लोखंडी पट्टी बांधलेली, मान मोडेपर्यंत वर बघत. ठिणग्या कॉलरमध्ये शिरत होत्या, तरी हात हलू दिला नाही. उस्ताद माझ्या शेजारी उभे होते, तोंडावर मुखवटा तसाच. जोड संपला. त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "झालं." मी विचारलं, "झालं?" ते म्हणाले, "झालं तुझं. जा आता." मी गेलो. दुसऱ्या दिवशी गाडीत बसलो, कारण इथल्या कारखान्याचं बोलावणं होतं. आणि काय करणार होतो? उस्ताद झालं म्हणाले म्हणजे झालं.

आता तू मला कागदावरून सांगतेस की झालं नाही. उस्ताद खोटे की कागद खोटा? तूच ठरव.

परत ये म्हणे. इकडे रजा मागितली तर मुकादम म्हणतो, घासणाऱ्याला रजा कशाला, हात हलवायचा तो इथेच हलव. तीन बस बदलून मी तिकडे येणार, तुझे उस्ताद मूड असेल तर चाचणी घेणार, तुझं मंडळ वाटेल तेव्हा दिवा हिरवा करणार. तोवर जहाज निघून गेलेलं असेल. शिंपल्यांसकट.

एक खूण, ताई. एकच बरोबरची खूण त्या चौथ्या रकान्यात. शेंबड्या पोराला करता येईल. मला माहितीये, तिथे सगळ्यांच्या खुणा कशा होतात. तो बांधकामवाल्या शेठचा जावई, एकदाही शेडमध्ये पाऊल न टाकलेला, तोसुद्धा सक्षम आहे. मग मीच काय पाप केलंय? सख्खी मावसबहीण ऑफिसात असून माझाच रकाना रिकामा?

तुझ्यावर विसंबून बसलो नाही मी. केंद्राच्या संचालकांना सरळ फोन लावला. तू त्यांना गोडबोल्या म्हणतेस, पण माणूस माझ्याशी नीट बोलला. म्हणाला, "तू तर आपला मुलगा आहेस." म्हणाला, सगळं सुरळीत होतं, पण ऑफिसातल्याच कुणीतरी मंडळाला पत्र लिहून चुगली केली. घरभेदी, हा त्यांचा शब्द. मी म्हटलं, काळजी करू नका, आमची ताई तिथेच आहे, ती असल्या माणसाला बरोबर हुडकून काढेल.  मग म्हणाले, "हो, ताई आहे खरी."

शोधून काढ त्याला. नाव कळव. तोंडावर बोलायचंय मला.

भिंगऱ्या


२ मार्च

भिंगऱ्या,

शोधायला कुठे जायला नको. मीच आहे. बोल काय बोलायचं ते.

तू संचालकांशी बोललास त्याच संध्याकाळी मला काढलं. कारण दिलं, "गोपनीयतेचा भंग." तुझ्या फोनमुळे नाही, तेवढी तुझी किंमत नाही. पण माझ्याबद्दल त्यांना काय वाटतं ते तू त्यांच्याच तोंडून ऐकलंस आणि तुला कळलं नाही, याचा मला राग आहे.

आता तू गप्प बस आणि वाच.

तुझ्या तुकडीचं मूल्यमापन झालं तेव्हा निम्म्या लोकांपुढे "अजून" होतं. त्यात वाईट काही नाही, निम्मे लोक पुढच्या वेळी करतात. पण "अजून" लिहिलेल्या माणसामागे केंद्राला अनुदान मिळत नाही. संचालक माझ्या टेबलाशी आले, माझ्याच पेल्यातलं पाणी प्यायले आणि म्हणाले, "कागद जिवंत ठेवा बाई, माणसं आपोआप जगतात." मी खुणा बदलायला नकार दिला. दुसऱ्या दिवशी कामावर आले तर सगळी प्रमाणपत्रं निघालेली होती, माझ्या पासवर्डने. माझ्या नावाने. जावईबापूंचंही आणि तुझंही.

मी मंडळाला लिहिलं. कुणाकुणाचं मूल्यमापन पूर्ण नाही, त्यांची यादी मंडळाने मागितली. यादी टाइप करताना तुझ्या नावाशी आले. उठले, पाणी प्यायले, गॅलरीत जाऊन आले. तुझं नाव गाळलं असतं तर कुणाला कळलं नसतं. आईलाही नाही, तुलाही नाही. मग माझ्या यादीत आणि संचालकांच्या यादीत फरक एवढाच उरला असता की त्यांची माणसं वेगळी आणि माझी वेगळी. परत येऊन बसले आणि तुझं नाव टाइप केलं. पहिल्या पत्रातच हे सांगायला हवं होतं. धीर झाला नाही.

आणि तुझं ते "झालं." तुझं पत्र घेऊन मी उस्तादांच्या घरी गेले. ते दारात सायकलचं पंक्चर काढत बसले होते. विचारलं, "उस्ताद, तुम्ही माझ्या भावाला झालं म्हणालात?"

"म्हणालो असेन."

"म्हणजे काय झालं?"

"वाटोळं झालं. अजून काय? सगळा रस खाली गळला होता. पट्टी घट्ट बांधलेली होती म्हणून, नाहीतर जोड पोराच्या डोक्यावर आला असता."

"मग जा का म्हणालात?"

"मान आखडली होती त्याची. म्हटलं, जा घरी, उद्या कर. उद्या हा पठ्ठ्या गायब."

त्यांना वाटलं तू हिरमुसून पळालास. तुला वाटलं तू जिंकून निघालास. मुखवट्याआड दोघांनाही एकमेकांचं तोंड दिसलं नाही. मी मात्र ती पट्टी पाहिली आहे, भिंगऱ्या. नमुने जपून ठेवायचा नियम आहे आणि ते ठेवायचं काम माझं होतं. तुझ्या नंबरचा छाप आहे त्यावर. खालून मेणबत्ती गळावी तसे थेंब आहेत आणि मधोमध भोक आहे, करंगळी जाईल एवढं. मी घालून पाहिली.

आता मला सांग, असला जोड चालत्या जहाजाच्या पोटात, वाफेच्या नळीवर, तुझ्याच डोक्यावर. आणि मी खूण करायची. म्हणे शेंबड्या पोराला करता येईल. मग एखादा शेंबडा पोरगा शोध.

परत येऊन चाचणी दे. नाहीतर नको देऊ. मी आता तिथे नाही, तेव्हा माझ्यासाठी म्हणून तर मुळीच येऊ नकोस.

ताई


७ मार्च

ताई,

पत्र मिळालं.

मला घरात घेऊन वाढवलं मावशीने, आणि तिच्या पोरीने माझं नाव टाइप करून सरकारला दिलं. पाणी पिऊन. गॅलरीत फेरी मारून. माझ्या जागी कुत्रं असतं तरी दोनदा विचार केला असतास.

आणि पट्टीत बोट घालून पाहिलंस म्हणे. मजा आली असेल.

मुकादमाने टोळीच्या यादीत माझ्या नावावर काट मारली. पेन्सिलीने मारली, म्हणाला, "दिवा हिरवा झाला तर खोडू." तो होणार नाही, कारण माझी बहीण तत्त्वाची आहे.

मावशीला सांग मी बरा आहे. तू मला लिहू नकोस.


२१ मार्च

लिहू नकोस म्हणालास, तरी लिहिते. आनंदाची बातमी आहे, ती दाबून ठेवली तर पुन्हा म्हणशील ताईने लपवलं.

केंद्र बंद झालं. मंडळाने मान्यता काढून घेतली, दाराला कागद लावला. मी मुद्दाम बघायला गेले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आठवड्याने परत गेले तर शिडीवर पाटी रंगवणारा. नवं नाव, नवी मान्यता, संचालकांच्या मेहुण्याच्या नावाने. खुर्च्या त्याच, एकीच्या पायाखाली घडी घालून ठेवलेला पुठ्ठासुद्धा तोच. उस्तादांना मात्र परत बोलावलं नाही.

जुन्या सगळ्या प्रशिक्षणार्थींना नवं केंद्र "नूतनीकरणाची" प्रमाणपत्रं पाठवणार आहे. चाचणी नको, फेरी नको, तीन बस नकोत. तुलाही येईल. तुझ्या गेटवरचं यंत्र हिरवं होईल आणि तुझं जहाज चुकणार नाही. मी नोकरी घालवून जे केलं ते एका रंगाच्या डब्याने पुसलं. अभिनंदन, भिंगऱ्या. सक्षम झालास.

मंडळाला मी पुन्हा लिहिलं. उत्तर आलं की नव्या केंद्राशी माझा संबंध नाही, त्यामुळे माझी तक्रार घेता येत नाही. बरोबरच आहे म्हणा. नव्या केंद्रात मी कधी नोकरीच केली नाही.

मला इस्पितळाच्या धुलाईखात्यात काम लागलं आहे. चादर आली, लिही. चादर गेली, लिही. फाटकी असली तर फाटकी लिही. इथे अजून तरी कुणी येऊन म्हणत नाही की फाटक्या चादरीला सक्षम लिहा.

आईची तब्येत ठीक. ती तुझ्या बाजूची आहे, आणि दोन्ही वेळा मला वाढताना डाळ पातळ करते.

ताई


३१ मार्च

ताई,

तुझ्या टोमण्याच्या मागोमाग पाकीट आलं. जाड कागद, सोनेरी कड, जुन्यापेक्षा देखणा. चारही जोडांपुढे "सक्षम". मूल्यमापनाची तारीख बघ: दहा मार्च. दहा मार्चला मी इथे जहाजाखाली घासत होतो, गेटवर माझी सही आहे आणि मांजर साक्षीला आहे. खाली मूल्यमापकाची सही, वळणदार, कुणाची ते वाचता येत नाही. फोटो माझाच आहे, पण जुना, केस असतानाचा.

गेटवरच्या बाईंनी यंत्र धरलं. हिरवा. त्या पहिल्यांदाच हसल्या. म्हणाल्या, "या, आलात का परत."

मुकादमाकडे गेलो. त्याने खोडरबर काढला. खरंच काढला, खिशात ठेवतो तो. मला काय झालं कुणास ठाऊक, म्हणालो, "थांबा. आधी माझा डोक्यावरचा जोड बघा." तो म्हणाला, "कशाला?" म्हटलं, "बघा तरी." जेवणाच्या सुट्टीत एका भंगार पट्टीवर जोड केला. सबंध मार्च लोकांचे गळलेले जोड घासतोय, त्यामुळे कुठे काय बिघडतं हे आता डोळ्याला दिसतं. पण दिसणं वेगळं, हात वेगळा. बरा झाला की वाईट, मला कळेना. पट्टी गरम असतानाच चिमट्यात धरून त्याच्याकडे नेली.

त्याने पट्टीकडे पाहिलंच नाही. चहा ढवळत होता. म्हणाला, "कागद आहे ना तुझ्याकडे?"

"आहे."

"मग पट्टी कशाला दाखवतोस? मी कागद बघायचा, कंपनीने माझी सही बघायची. तू जहाज बघ."

"आणि जोड गळला तर?"

"तर कागदावर ज्याची सही आहे त्याला विचारतील. तुझं काय जातं?"

"मी नळीच्या खाली उभा असणार, मुकादम."

"मग बाजूला उभा राहा," तो म्हणाला आणि शेजारचे दोघं खदखदून हसले. मीही आधी हसलो. मग इतका राग आला की पट्टी त्याच्या चहात बुडवावीशी वाटली. बुडवली नाही. चहाशी माझं वैर नाही.

माझ्या जोडाकडे आजवर दोघांनीच पाहिलंय. एकाने झालं म्हटलं आणि एकीने अजून लिहिलं. बाकी सगळ्यांनी माझ्याकडे न बघताच मला शाबासकी दिली. गोडबोल्याने, मेहुण्याने, यंत्राने, मुकादमाने. मी कुठल्या नळीखाली उभा राहतो आणि वरून माझ्यावर काय पडतं याच्याशी त्यातल्या एकालाही देणंघेणं नाही. आपला मुलगा म्हणे.

मंडळाचं एक ऑफिस या बंदरातही आहे, मासळीच्या गोदामावर, दुसऱ्या मजल्यावर. सोनेरी कागद घेऊन गेलो. खिडकीत एक मुलगी, सर्दीने बेजार. म्हटलं, तक्रार करायचीय, या माणसाची चाचणी झालेली नाही आणि त्याला प्रमाणपत्र दिलंय. ती फॉर्म भरू लागली. केंद्राचं नाव, तारीख, प्रशिक्षणार्थीचं नाव. मग विचारलं, "तक्रारदाराचं प्रशिक्षणार्थीशी नातं?"

म्हटलं, "मीच तो."

ती म्हणाली, "तसा पर्याय नाही. पालक, मालक, सहकारी, इतर."

"इतर लिहा."

"इतर लिहिलं की स्पष्टीकरण द्यावं लागतं."

"लिहा, तोच."

तिने नाक पुसलं, माझ्याकडे पाहिलं, प्रमाणपत्रावरच्या फोटोकडे पाहिलं. म्हणाली, "तुमचंच रद्द होईल, कळतंय ना?" म्हटलं, अशी अजून पाकिटं गेलीत, ती सगळी उघडायला लावा, मग माझं करा रद्द. तिने शिक्का मारला. पोच जोडलीय. तू पुन्हा मंडळाला लिहिशीलच, तेव्हा ती लाव. त्या नव्या केंद्राशी तुझा संबंध नसेल, माझा आहे. तसा सोनेरी पुरावा आहे.

तक्रारीचं मुकादमाला सांगितलं, तर त्याने माझ्या नावावरची काट पेनने पक्की केली. जहाज काल गेलं. टोळीत माझ्या जागी एक जण गेला. त्याचा कागद कुठला आहे ते मी विचारलं नाही, विचारवलं नाही. मी धक्क्यावर उभा राहून पाहिलं, ते वळून दिसेनासं होईपर्यंत. माझी वर्षभराची बंदरं निघून गेली. हातात परत ग्राइंडर आहे आणि आता मुकादम मला वकीलसाहेब म्हणतो.

तुझं सगळं मान्य आहे असं समजू नकोस. नाव टाइप करायच्या आधी मला एक फोन करता आला असता. एकदा म्हणाली असतीस, भिंगऱ्या, तुझा जोड गळलाय, तर मी शिव्या दिल्या असत्या आणि कदाचित आलोही असतो. ते तू केलं नाहीस, म्हणून माझा राग आहे. पण काल हिशेब केला तर रागाची रांग बरीच लांब झालीय. पुढे मेहुणा आहे, त्याच्यापुढे गोडबोल्या, मग मुकादम, मग ते यंत्र. तुझा नंबर पार मागे गेलाय, ताई. येईल तेव्हा कळवीन.

भिंगऱ्या